सेक्रेटरी थोपटत नाहीत

मी आजवर कोणाच्याही पोटावर बसलेलो नाही. चौपन्नाव्या वर्षी एका हेडक्लार्कला हे वाक्य सहीनिशी लिहून द्यावं लागेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण फॉर्मचा अकरावा रकानाच तसा होता : 'कुस्ती, ज्युजित्सू अथवा तत्सम प्रकारांतील पूर्वानुभव'. मी 'नाही' असं लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म परत सरकवला आणि सविस्तर लिहा म्हणाल्या. मग मी सविस्तर 'नाही' लिहिलं.

हे सगळं आमच्या लेकीपायी. तिला घरात चिमणी म्हणतात. दोन वर्षांपूर्वी या चिमणीने विमा कंपनीतली चांगली पंख्याखालची नोकरी सोडली आणि ती ज्युजित्सू शिकवायच्या मागे लागली. हा प्रकार मला त्या वेळी कळला तो एवढाच, की दोन माणसं गादीवर लोळतात आणि शेवटी एकालाच बरं वाटतं. मी फार काही बोललो नाही. "तीन महिन्यांत तोंड पाडून परत येशील," एवढंच म्हणालो. ती आली नाही आणि मी ते वाक्य मागे घेतलं नाही. तेव्हापासून आमचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'पंखा बंद कर' यांच्या पुढे फारसं गेलं नव्हतं. कोणी विचारलंच तर मुलगी आरोग्य क्षेत्रात आहे, असं मी सांगत असे.

तर तिची शिक्षकाची परीक्षा आली. या परीक्षेत उमेदवाराने स्वतःचे डाव दाखवायचे नसतात. पन्नाशी ओलांडलेलं आणि जन्मात गादीवर न उतरलेलं एक माणूस आणायचं, त्याला एकच साधी पकड शिकवायची आणि ती त्या माणसाने परीक्षकांसमोर लावून दाखवायची. ज्याला लाकूड वाकवता येतं त्याला वेतही वाकवता येईल, असा त्यांचा हिशेब. चिमणीने वाचनालयातल्या ग्रंथपाल काकूंना महिनाभर तयार केलं होतं. परीक्षेला तीन आठवडे असताना काकू शब्दकोश वरच्या फळीवर ठेवायला स्टुलावर चढल्या आणि घोटा प्लास्टरमध्ये घालून बसल्या. पुढची परीक्षा दोन वर्षांनी. चिमणीला वर्गासाठी एक हॉल मिळत होता, पण महिनाअखेर प्रमाणपत्र हातात असेल तरच. ती जेवणाच्या टेबलाशी हनुवटी टेकून बसली होती. रडत नव्हती, म्हणून जास्त वाईट वाटत होतं.

बायको माझ्याकडे बघून म्हणाली, की ह्यांची पन्नास वर्षं केव्हाच पूर्ण झालीत. चिमणीने मान वर न करता विचारलं, की ह्यांना काही शिकवणं आजवर कोणाला जमलंय का? मी तिथेच होतो. माझ्यादेखत माझ्याबद्दल असं तृतीयपुरुषी बोललं की मला चेव चढतो. मी म्हणालो, मी शिकतो. बायकोने लगेच कॅलेंडरवर तारखेला गोल केला आणि माघार घ्यायची संधी निघून गेली.

आता माझा अर्ज म्हणजे त्याला माझ्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला जोडणं आलं. साहेबांनी विचारलं, कोणत्या नियमाखाली? तीस वर्षं लोकांना हाच प्रश्न विचारून मी घरी पाठवलंय, त्यामुळे रागावायची सोय नव्हती. नियमपुस्तकात कर्मचाऱ्याने पुस्तक लिहिणं आहे, गाण्याच्या स्पर्धेत भाग घेणं आहे, परदेशी जाणं आहे. दुसऱ्याच्या अंगावर बसणं नाही. फाईल विधी शाखेकडे गेली. चार दिवसांनी शेरा आला : 'हरकत नाही, मात्र सदर कृती कार्यालयीन वेळेत व सहकाऱ्यांवर करू नये'. सगळ्या शाखेने तो शेरा आळीपाळीने वाचला. त्यानंतर डॉक्टर. त्यांनी दोन्ही हात वर करायला लावले, त्यातला डावा कानाशी येऊन अडकला, तरी त्यांनी 'वयोमानानुसार ठीक' असं लिहून दिलं. फोटो मात्र दोनदा परत आला. त्यात दोन्ही कान स्पष्ट दिसायला हवे होते. का, असं मी विचारलं. पुढे तुलना करायला बरं पडतं, असं त्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

एवढं होऊन घोडं अडलं ते जोडीदारावर. पकड लावायला खाली कोणीतरी हवं. ते नातेवाईक नको, चिमणीचा विद्यार्थी नको, वय आणि वजन माझ्याइतकं हवं. माझं वजन चौऱ्याहत्तर किलो. इमारतीत चौऱ्याहत्तर किलोचा दुसरा माणूस एकच होता आणि ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते.

सेक्रेटरी वजन-मापे खात्यातून निवृत्त झालेले, खालच्या मजल्यावर राहतात. आमच्या दाराबाहेर चपलांचं एक कपाट आहे. ते जिन्यात चार बोटं पुढे येतं, असं त्यांचं म्हणणं. जिनाच चार बोटं आखूड बांधलाय, असं माझं. चार वर्षांत त्यांच्या अकरा नोटिसा आल्या आणि माझी अकरा उत्तरं गेली. एकदा त्यांनी खडूने रेघ मारली, ती बायकोने पुसली. हा गृहस्थ कधी म्हणजे कधीच ऐकून घेत नाही. एकदा पंप चालू ठेवून हे झोपले आणि टाकी वाहून जिन्याचा धबधबा झाला, तेव्हा घोटाभर पाण्यात उभं राहून त्यांनी सगळ्यांना ठासून सांगितलं होतं, की पंप बंद आहे. माझ्याबद्दलही कोणी असंच सांगेल म्हणा, पण सांगणाऱ्याला दोघांतला फरक कळत नसतो.

मी त्यांच्याकडे गेलो आणि खाली मान घालून विचारलं. माझं वाक्य संपायच्या आत ते हो म्हणाले. माणूस म्हणून चांगला आहे, असं मी वर येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बघा हं.

सोसायटीच्या हॉलमध्ये गाद्या पडल्या. चिमणीने पहिला अख्खा तास पकड शिकवलीच नाही, थोपटायला शिकवलं. ज्याला पकड लागली त्याने समोरच्याच्या अंगावर किंवा गादीवर दोनदा थोपटायचं, की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. ओरडायचं नाही, वाट बघायची नाही, थोपटायचं. सगळा खेळ या दोन थापांवर चालतो, नाहीतर रोज एकाचा खांदा जाईल, असं ती म्हणाली. आम्ही दोघांनी समजूतदारपणे माना हलवल्या. हा तास फुकट गेला असं माझं मत झालं. सेक्रेटरींचंही तेच होतं, असं पुढे कळलं. चार वर्षांत आमचं एकमत झालेला हा पहिला विषय.

पकड तशी साधी. समोरचा उताणा, आपण त्याच्या पोटावर बसलेले. त्याचा एक हात कोपरात दुमडून डोक्याशेजारी पडलेला. आपण एका हाताने त्याचं मनगट गादीवर दाबायचं, दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून आपलंच मनगट धरायचं. झालं कुलूप. मग त्याच्या हाताची मागची बाजू गादीला घासत घासत कमरेकडे आणायची आणि कोपर हलकेच वर उचलायचं. खांद्यात अशी कळ येते, की माणसाला देव आठवतो. चिमणीने माझ्यावर ती एवढ्या हळुवारपणे लावली, की पुढे दोन दिवस मला डाव्या हाताने दात घासता आले नाहीत.

मला मात्र ती लागेना. मी सेक्रेटरींचं मनगट उचलून ओढायचो, की कुलूप उघडायचं आणि ते मला बाजूला सांडून देत. चिमणी सारखी सांगायची, बाबा, उचलू नका, फरशी पुसताना फडकं ओढतो तसा हात जमिनीलगत ओढा. मी हो हो म्हणायचो. तिसऱ्या दिवशी बायको हॉलमध्ये डबा द्यायला आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, त्यांनी फरशी पुसली असेल तर त्यांना कळेल ना."

सेक्रेटरी माझ्या खाली होते, तेसुद्धा हसले. मला ते मांड्यांना जाणवलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला मी गुडघ्यांवर. आधी स्वयंपाकघर, मग बाहेरची खोली, मग पॅसेज. फडकं दाबून धरायचं, उचलायचं नाही, कोपर शेवटी. बायको खुर्चीवर पाय वर घेऊन चहा पीत कोपरा राहिला, कोपरा राहिला म्हणत असे. पकडीत कोपरा नसतो, असं मी तिला सांगून पाहिलं. पाचव्या दिवशी मी जिन्यात पोचलो आणि इमारतीला विषय मिळाला. तळमजल्यावरच्या शिंप्याने मला टेपने मोजलं आणि डावा खांदा अर्धा इंच खाली आहे, तुम्हाला उजव्या बाजूचंच कुलूप बसेल, असं निदान केलं. तिसऱ्या मजल्यावरचे विज्ञानाचे मास्तर तरफेचे तीन प्रकार सांगून गेले. ते निघून गेल्यावर आम्हाला कळेना, की टेकू मी आहे की सेक्रेटरी. आमची फरशी मात्र अशी चकाकू लागली, की शेजारणी आपापल्या नवऱ्यांना दाखवायला घेऊन यायच्या. त्या नवऱ्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

आणि बाराव्या दिवशी ते जमलं. मनगट दाबलं, हात घातला, फडकं ओढलं, कोपर उचललं. सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला, मग वांगी रंगाचा झाला. मी थापांची वाट बघत होतो. थापा येईनात. मी विचारलं, लागतंय का? ते दात आवळून म्हणाले, कुठे काय, मला तर झोप येतेय. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी घाबरून सोडलं. मग ते माझ्यावर बसले, त्यांनी लावलं आणि आता मी काय थोपटतोय! खांद्यातून कट्कन आवाज आला तरी मी छताकडे बघून पंखा पुसायला झालाय असं म्हणालो.

चिमणी पुढे झाली आणि तिने सेक्रेटरींना मानेला धरून माझ्यावरून उचललं.

"बाबा, मला तुमची ताकद नकोय," ती म्हणाली. "ज्याला थोपटता येत नाही त्याला मी काहीच शिकवलं नाही, असं धरतात. तुमच्यापैकी एकाचा खांदा गेला तर मी नापास, आणि त्यापेक्षा तुमचा खांदा जाईल. हरलो म्हणायला तुम्हाला एवढं काय पडतं हो?"

मी पुन्हा उताणा झालो आणि हात दुमडून डोक्याशेजारी ठेवला. त्यानंतर मी थोपटायला लागलो. पहिल्या दिवशी जीव गेल्यासारखं झालं, तिसऱ्या दिवशी जरा सोपं गेलं. सेक्रेटरी मात्र चिमणीने पकड लावली तर लगेच थोपटत, मी लावली की नाही. त्यांना एकट्याला गाठून मी हात जोडले. ते म्हणाले, परीक्षेच्या दिवशी थोपटेन की, सरावात कशाला वाया घालवू? हे मला पटलं. माझ्या भोळेपणाचं मलाच कौतुक वाटतं.

परीक्षेच्या हॉलमध्ये बाकांवर पंचवीसतीस माणसं होती. परीक्षक एक वयस्कर, सडपातळ बाई, आणि त्यांचा डावा कान वर्षानुवर्षं गादीवर घासून पूर्ण चुरगळलेला. मला फोटोचा अर्थ तेव्हा लागला. शिकवणाऱ्याने एक अक्षर बोलायचं नाही, बोललं तर बाद, असा नियम. चिमणी भिंतीशी पाय जुळवून उभी होती. शाळेच्या पहिल्या दिवशी ती अशीच उभी राहिली होती.

पहिली पाळी सेक्रेटरींची, मला थोपटता येतं का ते बघायला. त्यांनी पकड लावली, मी सभ्यपणे दोनदा थोपटलं, त्यांनी अर्धा क्षण जास्त धरून मग सोडलं. ठीक आहे. मग माझी पाळी. बसलो. मनगट दाबलं. हात घातला. ओढलं, जमिनीलगत, अगदी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ओढतो तसं. कोपर वर आलं आणि कुलूप असं बसलं, की मलाच अभिमान वाटला. परीक्षक बाई वाकून बघू लागल्या.

थापा येईनात.

"थोपटा," मी ओठ न हलवता म्हणालो.

"कपाट," सेक्रेटरी म्हणाले.

मला आधी कळेना. माझं तोंड त्यांच्या कानाशी होतं. त्यांचा श्वास अडकत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण नजर तीच, नोटीस चिकटवतानाची. एवढ्यासाठी हा माणूस दोन आठवडे माझ्याखाली लोळला होता. आणखी बोटभर ओढलं असतं तर त्यांचा खांदा निखळला असता. सोडलं असतं तर पकड अर्धवट आणि चिमणी घरी. मी धरून ठेवलं. ना पुढे, ना मागे.

"आत घेतो," मी कुजबुजलो. "उद्या."

"आज."

"आज. थोपटा आता."

"लेखी."

"अहो, हात कुठे मोकळे आहेत माझे!"

"मग मोठ्याने सांगा. चूक तुमची होती म्हणा."

हे मात्र जास्त होत होतं. कपाट हलवणं वेगळं. अकरा उत्तरं मी जावक क्रमांक घालून दिली होती. जिना आखूड आहे, हे मी आजही कोणालाही मोजून दाखवीन. वर मी होतो, खाली ते होते, आणि शरण मी जायचं? माझे दंड भरून आले होते. परीक्षक बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मी मान वर केली तर समोर चिमणी. तिने तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता, आणि माझ्याकडे बघत होती ती अशी, की बाबांना माघार काही जमायची नाही हे तिला दोन वर्षांपासून माहीत होतं.

"माझी चूक होती," मी म्हणालो.

मी हे वाक्य आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे आवाज किती लावायचा याचा अंदाज नव्हता. ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं. आणि एकदा बाहेर पडल्यावर ते काही थांबेना.

"कपाटाची चूक माझी होती. आणि चिमणे, तू नोकरी सोडलीस तेव्हा मी जे बोललो तीही माझीच चूक. तू परत आली नाहीस ते फार बरं झालं. मला हे केव्हाच सांगायचं होतं."

तिने तोंडावरचा हात काढला. तिला बोलायची परवानगी नव्हती, ती बोलली नाही. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. माझ्याही नाकात काहीतरी झालं. पण पकड मी सोडली नाही. शिकवलंच होतं तसं.

मग माझ्या बरगडीवर दोन थापा बसल्या. मी त्याच क्षणी सोडलं. सेक्रेटरी उठून बसले, खांदा चोळला, आणि थोड्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, की दुसरं वाक्य मी मागितलं नव्हतं.

परीक्षक बाईंनी मला जवळ बोलावलं. समोरचा थोपटत नाही हे दिसल्यावर तुम्ही जोर वाढवला नाहीत आणि सोडलंही नाहीत, असं धरून ठेवायला कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मी भिंतीकडे बोट दाखवलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि घडी घालायच्या आधी चिमणीला दाखवलं. चिमणी धावत आली आणि मला उचलून घेतलं तिने. चौऱ्याहत्तर किलो. बाकांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या तिच्यासाठी होत्या की उचलण्यासाठी ते मी विचारलं नाही.

कपाट त्याच संध्याकाळी आत आलं. दुसऱ्या टोकाला सेक्रेटरींनीच हात लावला. ते आता पॅसेजमध्ये चार बोटं पुढे येतं आणि बायकोच्या करंगळीला रोज लागतं. ते लागलं, की ती मला हाक मारते आणि परीक्षेतलं ते वाक्य एकदा म्हणायला लावते. सवय राहायला हवी, म्हणते. फरशीबद्दल तर बोलायलाच नको. ते काम कायमचं माझ्याकडे आलंय.

चिमणीला हॉल मिळाला. पहिल्या महिन्यात तिने पन्नाशीपुढच्यांसाठी वेगळा वर्ग काढला आणि त्याची यादी सेक्रेटरींनी स्वतःच्या अक्षरात सोसायटीच्या फळ्यावर लावली. ऑफिसातून येताना मी थांबून वाचली. पहिलं नाव सेक्रेटरींचं, दुसरं माझं. आता, मी आधीपासून शिकतोय, शिकवणारी माझी मुलगी आहे, परीक्षेत वर मी होतो. कोणत्याही क्रमाने लावली तरी यादीत पहिलं नाव माझंच यायला हवं. मी तोंड उघडलं. सेक्रेटरी आपल्या दारात हाताची घडी घालून वाटच बघत होते.

मी फळ्यावर दोनदा थोपटलं आणि फरशी पुसायला वर गेलो.